तुळसाबाईनं वाटलेली साखर

तुळसाबाईला गप्प बसलेली अख्ख्या फुलसावंगीत कुणी पाहिली नव्हती. ती निंदायला आली की बाकीच्या बायांना दिवस कधी मावळला ते कळायचं नाही, आणि ढाणकीच्या बाजारातले भाजीवाले तिला लांबून पाहूनच मान खाली घालायचे. बोलून बोलून तिनं आयुष्यात पुष्कळ काही पदरात पाडून घेतलं. एकच गोष्ट तेवढी बोलून मिळाली नाही. तिला तिचा लेक घरी पाहिजे होता.

अतुल बारावी झाल्यावर चाकणला कारखान्यात लागला. घरी यायचा तो पोळ्याला नाहीतर दिवाळीला, तेही सुटी मिळाली तर. आला की तुळसाबाई त्याच्या आवडीचं सगळं एकाच दिवशी रांधायची आणि हा जेवत नाही म्हणून भांडायची. गेला की त्याची गादी कितीतरी दिवस गुंडाळायची नाही. तिचा नवरा उकंडा स्वभावानं अगदी उलटा, मोजकं बोलणारा. तो म्हणायचा, "तुळसे, गुंडाळ ते. पोरगं कामाले गेलं, लढाईवर नाही."

मग एका हिवाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला, पडीक रानात टॉवर आला. ट्रकांवर ट्रक आले, तारेचं कुंपण पडलं. जमिनीच्या पोटात तेल आहे का ते बोर मारून पाहणार म्हणे. गावानं आधी टिंगलच केली. इथं पाण्याची मारामार, तेल कुठून येणार! उकंडानंही मागं वावरात बोर मारला होता. बोरला पाणी लागलं की सवाष्णीनं ओटी भरायची, नारळ फोडायचा आणि येईल-जाईल त्याच्या हातावर साखर ठेवायची, ही इकडची रीत. तुळसाबाई ताट घेऊन बांधावर उभी होती. बोरातून निघाला नुसता फुफाटा. तिच्या नव्या पातळावर पांढरी धूळ बसली आणि नारळ तसाच घरी परत आला. ती धूळ झटकून निघाली, पण तो नारळ परत आणल्याचं तिच्या मनातून कधी गेलं नाही.

टॉवरवाल्या कंपनीला मजूर पाहिजे होते. अतुलनं फोनवर ऐकलं आणि चाकण सोडून बिछान्यासकट घरी आला.

ते दिवस तुळसाबाईचे. पोरगा पाळी संपवून चिखलानं माखलेला यायचा आणि ती त्याचे कपडे चारचौघींत नाल्यावर नेऊन धुवायची. "काय बाई हा चिखल! धुता धुता हात तुटले माहे," असं मोठमोठ्यानं म्हणायची. तक्रार नव्हती ती, दवंडी होती. माझा लेक घरी आहे, हे तिला साऱ्या गावाला ऐकवायचं होतं.

जेवताना अतुल त्या कामाच्या गोष्टी सांगायचा. वरचा काळा दगड कधीच मागं पडला, आता खालचा जुना, टणक दगड लागला. तेल दगडात नसतं, दगडाच्या भेगांत असतं.

"उन्हाळ्यात आपल्या वावराले पडते तशा भेगा?" तुळसाबाईनं विचारलं.

"तशाच समज, माय. बोरात चिखलाचा गारा फिरवा लागते, आज खाली सोडलेला तो वापसच नाही आला. दगडानं गिळला सारा. साहेब तर नाचाचेच बाकी होते. म्हणे, भेगा हायेत खाली."

"भेगेतलं किती दिवस पुरन?" उकंडा भाकरी मोडता मोडता म्हणाला.

"तोंडातून चांगलं काही काढूच नका तुमी!" तुळसाबाई कडाडली.

तिला राग यायला कारण होतं. टॉवरवरचे मोठे साहेब आसामकडचे, अतुलच्या डब्यातला ठेचा मागून खाणारे. त्यांनी अतुलला सांगितलं होतं, की तेल लागलं तर इथं वर्षानुवर्षं काम चालेल आणि इथल्याच पोरांना पक्कं करू. तेव्हापासून तो टॉवर तिच्या घरचाच झाला. देवापुढं दिवा लावताना ती पीकपाण्याच्या आधी त्याचं मागणं मागायची.

अखेर खोदणं थांबलं. आता बोराचं तोंड उघडायचं आणि आतून काय येतं, किती येतं ते पाहायचं. दूरवर एक नळ नेला होता. दुपारी त्याच्या तोंडाशी जाळ लागला आणि असा आवाज झाला की गोठ्यातली जनावरं दावी ओढू लागली. तेलाचा काळा धूर अन् पिवळा जाळ पाहायला सारं गाव तारेपाशी लोटलं. तुळसाबाई शेजारच्या चंदाबाईचा हात धरून ओरडली, "आता माहा अतुल कुठं नाही जात!"

दोन-चार दिवस जाळ चालला. मग एका सकाळी तो दिसेना. चंदाबाई शेण टाकायला तिकडं गेली होती, ती धावतच परत आली. "तुळसाबाई, आयकलं का? बोरले पाणी लागलं! धो धो येऊन राह्यलं!"

पाणी! तुळसाबाईनं पुढचा-मागचा विचार केला नाही. या मुलखात पाणी लागलेला बोर कधी वाईट असतो का? तेल तर लागलंच होतं, वर पाणीही लागलं, म्हणजे दुधात साखर. तिनं पेटीतला खण काढला, दुकानातून नारळ आणला, घरातला साखरेचा डबाच उचलला आणि आळीतल्या सवाष्णी गोळा करून वाजतगाजत निघाली. फाटकावर गावचाच पोरगा होता. तुळसाबाईला नाही म्हणायची त्याची काय टाप!

साहेब स्वतः बाहेर आले. बोरापाशी जाता येत नाही म्हणून तिनं फाटकालाच हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, दगडावर नारळ फोडला. या खेपेला तो फुटला, ह्याचाच तिला केवढा आनंद! तिनं साहेबांच्या तळहातावर साखर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, हात जोडले आणि म्हणाले, "बहुत मीठा है, माताजी." खरं काय ते त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. याला भलेपणा म्हणावं की भेकडपणा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मजुरांनीही एकेक करून हात पुढं केला आणि खाली मान घालून साखर खाल्ली. अतुल शेवटी आला. त्यानं ती मुठीत घेतली आणि तसाच आत गेला.

घरी आला तेव्हा त्याची मूठ चिकट झाली होती. हात धुता धुता तो म्हणाला, "माय, आमच्या कामात पाणी लागलं म्हंजे बोर गेला. भेगेत होतं तेवढं तेल निंगालं. आता खालचं खारं पाणी वर येऊन राह्यलं. दोन दिवस पाह्यतीन अन् बंद करतीन. टॉवर जाते."

"अन् तू?"

"साहेब संगं चाल म्हणतात. राजस्थानले."

"मंग तिथंच काहून नाही सांगतलं मले? साऱ्याइच्या समोर साखर वाटली म्या!"

"तुले एवढी खुश कधी पाह्यली नव्हती, माय. कसं सांगू?"

तुळसाबाई चुलीपाशी बसली ती बसलीच. लेक जाणार म्हणून आपणच गावाचं तोंड गोड केलं, एवढं एकच तिच्या मनात फिरत होतं. त्या दिवशी घरात उकंडाच बोलत होता. राजस्थानात ऊन किती, पाणी कसं, रेल्वे कुठून, असं काहीबाही पोराला विचारत होता.

टॉवर उतरवला गेला. बोरात सिमेंट ओतून तोंड बुजवलं आणि वर लोखंडी नळाचा एक तुकडा तेवढा उभा राहिला. अतुल एस.टी.त बसला. त्याची गादी पसरलेलीच राहिली, आणि या वेळी उकंडानं ती गुंडाळायला सांगितली नाही.

वावरात जायची तुळसाबाईची वाट त्या नळावरूनच जाते. शेळ्या त्याला अंग घासतात. एकटी असली की ती तिथं थांबते आणि त्याला झाडते. "मुडद्या, अजून थोडं देल्लं असतं तर काय गेलं असतं तुह्यं?" मग पदर तोंडाला लावून रडते आणि पुढं निंदायला जाते. तिथं पोचेपर्यंत तिची बडबड पुन्हा सुरू झालेली असते.

अतुलनं फोनवर एकदा सांगितलं होतं, की राजस्थानात काही लागलं नाही तर टॉवर पुन्हा आपल्या मुलखात येईल, महागावच्या बाजूला अजून एक बोर मारायचं चाललंय. झालं, तुळसाबाईला देवापुढं नवं मागणं मिळालं. परक्या मुलखातल्या बोरला पाणी लागू दे, म्हणून ती रोज हात जोडू लागली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, उकंडालाही नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

परवा दुपारी फोन आला. अतुलचा आवाज आनंदानं फुटत होता. "माय, लागलं! तेल लागलं! कमीच होऊन नाही राह्यलं. मले पक्कं केलं, आता इथंच ठेवतात."

तुळसाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "पाणी नाही ना लागलं?"

"नाही, माय. एक थेंब नाही."

"मंग साखर वाट, बाबू," ती म्हणाली. "साऱ्याइले वाट. साहेबाले पह्यले दे."

फोन ठेवून ती आत गेली, डबा घेऊन ओसरीवर आली आणि सुतळी वळत बसलेल्या उकंडापुढं तिनं चिमूट धरली.

"कायची?" त्यानं विचारलं.

"लेकाच्या बोरले तेल लागलं. पक्का झाला तो तिथं."

उकंडानं हात पुढं केला. साखर तळहातावर तशीच धरून तो म्हणाला, "मंग आता तो कायचा येते घरी, तुळसे?"

"खा पह्यले," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं गादी गुंडाळून ठेवली.