खाली खरं नाव लिहा

"ताई, हे तुमच्या घरनं दिलंय."

माझा बाप मला ताई म्हणला. तुमच्या म्हणला. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात उभा. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची कातडी पिशवी, हातात पेढ्यांचा बॉक्स. छातीवर एसटीची नावाची पट्टी. पट्टीवर कांबळे.

तो तसं म्हणला, कारण आधी मी बोललते. दारात खाकी बघून सरांनी विचारलं, "कोण पाहिजे, पावणं?" बापानं तोंड उघडायच्या आत मी खुर्चीवरनं उठले आणि बोलले, "सर, आमच्या गावचे हायत. मलकापूर गाडीचे कंडक्टर."

गावचे. एवढंच.

त्यानं माझ्याकडं बघितलं. पापणी हलंल एवढाच वेळ. मग सरांकडं बघून हसला. "व्हय. गाववालाच मी." बॉक्स माझ्या हातात दिला, ताई म्हणला. "गाडी लागली असंल," म्हणला आणि जिना उतरून गेला.

सरांनी पट्टी वाचलीच होती. बॉक्सकडं बघून मला म्हणाले, "कुणाच्या घरचे गं हे पेढे?"

"माझ्या घरचे, सर."

"मग चालतंय. मला वाटलं त्या कांबळ्याच्या घरचे."

सगळे हसले. मी पण हसले. नुसती हसले न्हाय, पहिला पेढा मीच तोंडात टाकला. कुणाला शंका नको म्हणून.

हे आधी लिहायचं होतं. आता बाकीचं भराभर सांगते, न्हायतर परत लपवीन.

मी तवा बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही मलकापूरचे, बौद्ध. दहावीच्या सुट्टीत टायपिंग शिकले, मराठी इंग्लिश दोन्ही, आणि माझी बोटं अशी पळत्यात की मशीन मागं राहतंय. कॉलेजातल्या एका पोरीनं सांगितलं, दर रविवारी राजारामपुरीत एक ग्रुप जमतो, चल. गेले. आणि येडीच झाले! कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा एक प्रोग्रॅम होता. फुकट. फुकट हे काय विशेष न्हाय, पण त्याचं आतलं सगळं उघडं. कुणीबी वाचायचं, कुठं बिघडलंय ते शोधायचं, दुरुस्त करायचं आणि मेलनं पाठवायचं. जगात कुठं कुठं बसलेली माणसं, एकमेकांचं तोंड न बघितलेली, एकच गोष्ट मिळून बांधत होती. मला रात्रंदिवस दुसरं काय सुचंना.

पहिल्याच रविवारी सर वहीत नावं लिहीत होते. सरांचाच क्लास तो. माझ्या आधीच्या पोरीनं आडनाव सांगितलं तसे सर खूश झाले, "अरे वा, तुमचे काका आमच्या चांगले ओळखीचे." मग मी.

"आडनाव?"

"मलकापूरकर."

तोंडातनं आपोआप आलं, असं मी लय दिवस स्वतःला सांगितलं. खोटं हाय. मी ते बसमध्ये बसूनच ठरवलतं. आजोबांनी धर्म बदलला. मी आडनाव बदललं. त्यांनी चारचौघात उभं राहून, मी खिडकीला डोकं टेकून.

महिन्याभरानं सरांनी मला काम दिलं. त्या प्रोग्रॅमचे नियम होते, दुरुस्ती कशी पाठवायची त्याचे. सगळे इंग्रजीत. "तुझी बोटं चालतात, मराठीत करून टाक." मी जीव लावून केलं. एका वेळी एकच दुरुस्ती पाठवा. का केली ते साध्या शब्दांत सांगा. चूक दाखवली तर रागावू नका. आणि एक वाक्य, ते टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला: काम बघितलं जाईल, माणूस बघितला जाणार नाही. त्याच्या खाली शेवटचा नियम. दुरुस्तीच्या खाली स्वतःचं खरं, पूर्ण नाव लिहा. हे काम माझं आहे आणि मी ते सगळ्यांना देत आहे, याची ती सही.

माझ्याच हातानं टाइप केलं. प्रिंट काढून माझ्याच हातानं भिंतीला चिकटवलं. आणि त्या भिंतीखाली बसून तीन दुरुस्त्या पाठवल्या. तिन्हींच्या खाली लिहिलं, मलकापूरकर.

तिन्ही घेतल्या गेल्या. मी नाचतच घरी गेले आणि बापाला म्हटलं, "अप्पा, माझं नाव आता जगात दिसतंय. कुठनंबी बघा!" बापानं डेपोभर सांगितलं. ड्रायव्हरास्नी, कँटीनवाल्याला, सगळ्यास्नी. त्या रविवारी त्याची गाडी कोल्हापूर स्टँडला तासभर थांबणार होती. म्हणून आलता. पेढे घेऊन नाव बघायला आलता. मी त्याला खुर्ची दिली असती, स्क्रीन दाखवली असती, तरी तिथं कांबळे न्हवतंच.

त्याच्या मागं पळत गेले न्हाय. हे पण लिहिते. स्टँड काय लांब न्हाय. गेले न्हाय.

पुढच्या शनिवारी घरी जेवायला बसलो. आई वाढत होती. ती म्हणली, "काय गं, पेढं आवडलं काय तुझ्या सरास्नी?"

मी भाकरी मोडत राहिले.

"आवडलं की," बाप म्हणला. "लगीच संपलं."

ताटाकडं बघतच म्हणला. पॅसेंजरनं हुज्जत घातली तरी खोटं न बोलणारा माणूस. माझ्यासाठी दोनदा खोटं बोलला. एकदा सरांपुढं, एकदा आईपुढं. मी ताटावरनं उठले. आई म्हणली, "आता काय झालं हिला?"

त्याच आठवड्यात मला मोठी चूक सापडली. फाइलचं नाव मराठीत ठेवलं की तो प्रोग्रॅम फाइल उघडायचाच न्हाय, धाडकन बंद पडायचा. लय जणांनी शोधलं होतं, सरांनी पण. मला सापडलं! सहा ओळींचं काम. रविवारी नियमासारखं सगळं लिहिलं, काय बिघडलतं, का बिघडलतं. आणि खाली सही केली. माझं नाव, बापाचं नाव, कांबळे.

पाठवायच्या आधी सरांनी स्क्रीनवर वाचलं. चूक कशी काढली ते बघून आधी मान हलवली. मग नजर खाली सहीवर आली.

"हे कोण?"

"मी."

"म्हणजे ते कंडक्टर..."

"माझे वडील."

मागनं एकजण पुटपुटला, "आयला, पेढे." कुणी हसलं न्हाय. मला वाटलं सर आता बाहेर काढत्यात. तसं झालं न्हाय. सर गोड बोलायला लागले. ते जास्त लागलं.

"हे बघ, जातपात मी मानत नाही. पण खोटं तू बोललीस. नियम तूच टाइप केलास की, तो बघ भिंतीवर. आता अचानक वेगळं नाव गेलं तर बाहेरचे काय म्हणतील? ग्रुपचं नाव खराब. असं करू, ही दुरुस्ती माझ्या नावानं पाठवू. तू आहे तशी टायपिंगला ये. कुणी काय विचारणार नाही."

खोटं मी बोललेच होते. आणि खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, बरं झालं, सुटले. मलकापूरकर म्हणून परत टाइप करत बसता येईल. मग ताई आठवलं. तुमच्या घरनं आठवलं.

"न्हाय," मी म्हटलं.

"काय नाही?"

"तुमच्या नावानं न्हाय. काम माझं हाय, सर. शेवटचा नियम वाचा की."

"मलाच नियम शिकवतेस?"

"मराठीत मीच केलाय."

भिंतीवरचा कागद ओढून काढला. कोपरा फाटला. चार घड्या घालून ओढणीत धरला आणि उतरले. जिन्यात एकदा मागं वळून बघितलं, कुणी बोलवतंय काय. शूरवीर काय न्हवते मी.

समोरच्या सायबर कॅफेत बसून मेल लिहिला, प्रोग्रॅम बांधणाऱ्या सगळ्यांना एकदम जातो त्या पत्त्यावर. माझं इंग्रजी डेपोतल्या जुन्या गाडीसारखं, ढकलल्याबिगर सुरू होत न्हाय. तरी लिहिलं. आधीच्या तीन दुरुस्त्या माझ्याच. आडनाव खोटं दिलं. जात कळू नये म्हणून दिलं. खरं नाव हे. ते तीन ठिकाणी बदला. सोबत नवीन दुरुस्ती, त्या सहा ओळी मला पाठच होत्या.

सरांनी तिथंच खाली उत्तर टाकलं, आमच्या एका मुलीची घरगुती अडचण आहे, दुर्लक्ष करावं. म्हणजे जगापुढं पण मी अडचणच. एकानं विचारलं, जात म्हणजे काय. आणि जो सगळं सांभाळतो, त्यानं चार ओळी लिहिल्या. जुनी नोंद बदलता येत नाही, तिच्यावर पुढचं सगळं रचलं गेलंय. इथून पुढं खरं नाव लिही. नव्या दुरुस्तीत दोन चुका आहेत, काढून परत पाठव.

चुका काढल्या. परत पाठवली. घेतली. मराठी नावाची फाइल आता उघडते.

घरी जाऊन बापाला सगळं सांगितलं. पेढ्यांचं पण. म्हटलं, "अप्पा, आता नाव हाय. चला, दाखवते."

"आणि आधीचं?"

"ते पुसता येत न्हाय."

"मग असू दे," तो म्हणला आणि पट्टी शर्टाला लावायला लागला. ड्युटी होती. अजून तो नाव बघायला आलेला न्हाय. मी परत विचारलेलं न्हाय.

ते तीन मलकापूरकर तिथंच हायत. उद्या मी मेले तरी राहणार. कुणीबी उघडून बघावं, ही पोरगी इथं बापाला गाववाला म्हणली होती.

त्या क्लासला परत गेले न्हाय. काम सोडलं न्हाय. बाकीचे सगळे, काम संपल्यावर खाली सही करत्यात. मी कोरी फाइल उघडली की पहिल्यांदा सही टाइप करते. माझं नाव, बापाचं नाव, कांबळे. मग वर जाते आणि कामाला लागते.