घरातल्या घरात हरवायचा गेम

आमचा गेम कुठवर आला असं कोणी विचारलं, की आम्ही तिघं एकमेकांकडे पाहतो. गेम सरकतो हळूहळू. किस्से मात्र असे साचलेत की टपरीवर बसलं, की कामाचं बोलणं राहूनच जातं!

तिघं म्हणजे कोडिंग करणारा प्रफुल्ल, चित्रं काढणारी अकोल्याची शबाना आणि संवाद लिहिणारी मी. अमरावतीत एका गादीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या, तेच ऑफिस. आमच्या गेममधल्या म्हाताऱ्या बाईला डिमेन्शिया झालाय. खेळणाऱ्यानं ती बाई व्हायचं आणि आपल्याच घरात फिरायचं. कालचं दार आज सापडत नाही. नवरा वारलाय हे तिला आठवत नाही, म्हणून ती त्याला शोधत राहते. प्रफुल्लच्या आईला हाच आजार आहे. सगळं तिथूनच सुरू झालं.

*

चांदूर रेल्वेच्या माझ्या मामांना हे समजावता समजावता मला घाम फुटला.

"गेम म्हंजे गोळ्या झाडाच्या न?"

"नाही मामा. विसरायचं."

मामा विचारात पडले. "मी तं बाजारातून चार वस्तू आनाले जातो अन् दोन घेऊन येतो. माह्यी कोनती लेव्हल झाली मंग?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "घरी कोन वाट पाहून राह्यलं, हे आठवते न यायले? मंग अजून पह्यलीच!"

*

पहिल्या टेस्टिंगला आठ-दहा जण बोलावले होते. एक जण चिडूनच आला, "तुमच्या गेममधी स्वयंपाकघराचं दारच गायब झालं. बग आहे!"

त्याला समजावलं, की बाबा रे, तो बग नाही, आम्ही मुद्दाम केलंय.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी डोळे पुसताना दिसली. तिच्या स्क्रीनवर भिंतीतून एक म्हैस निघाली होती आणि पलंगावर तरंगत होती.

"किती खोल आहे हे!" ती म्हणाली. "बालपण असंच अचानक येतं न घरात!"

प्रफुल्ल माझ्या कानाशी आला, "हा बग आहे."

म्हैस आम्ही काढली नाही.

*

शबानाच्या अम्मींना गेम खेळायला दिला. अर्धा तास झाला तरी गेममधली बाई स्वयंपाकघरातून हलेना. अम्मी एकेक भांडं उचलून फळीवर ठेवत होत्या.

"अम्मी, आगे जाओ ना! शौहर को ढूंढना है!"

"इतने पसारे में कौन मिलता? पहले जगा तो साफ होने दे!"

भांडी लागली, तेव्हा अम्मींनी हात थांबवला. "इसको बेटी नहीं है क्या?"

"नहीं बनाई."

अम्मींनी रिमोट खाली ठेवला आणि नमाजाला उठल्या.

त्या आठवड्यात आमच्या गेममध्ये मुलगी आली. नाक हुबेहूब शबानाचं!

*

पुण्याला एका गुंतवणूकदार साहेबांकडे गेलो होतो. एसी असा, की प्रफुल्लनं बॅगेतून मफलर काढून गुंडाळला. साहेबांनी गेम नीट पाहिला आणि विचारलं, "छान आहे. पण यात जिंकायचं कसं?"

"जिंकत नाही जी कोनी," प्रफुल्ल म्हणाला.

"मग लोक खेळतील कशाला?"

"सर, तुमी आईले भेटाले जाता, तवा कोन जिंकते?"

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. पण वेळ गेली होती!

पैसे मिळाले नाहीत. साहेब मात्र लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार बंद होता होता हळूच विचारलं, "आईजवळ रात्री थांबायला बाई कुठून मिळाली हो तुम्हाला?"

*

प्रफुल्लची आई सरकारी नर्स होती. घरी कोणी नसलं, की तो तिला ऑफिसला घेऊन येतो. ऑफिस म्हणजे काकूंचं आरोग्य उपकेंद्र! आलं की टेबल पुसतात आणि आम्हाला ओळीत बसवतात.

एकदा खालचे गादीवाले मालक तावातावानं वर आले. आम्ही गाड्या दुकानासमोर लावल्या होत्या म्हणून भांडायला.

"बस," काकू म्हणाल्या. "बाही वर कर."

साठीचे मालक बसले. बाही वर केली!

"मांगच्या खेपीले पळून गेलता न तू?"

"नाही सिस्टर, तो माह्या भाऊ असन!"

गाड्यांचा विषय निघालाच नाही. आता मालक वर यायच्या आधी जिन्यातूनच विचारतात, "सिस्टर आल्या का? नाही म्हंजे, मी मंग उद्या येतो!"

*

प्रफुल्लचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. काकू विचारायच्या, "तुहे बाबा कोठी गेले?" सुरुवातीला तो खरं सांगायचा. मग काकू रडायच्या, अगदी आत्ताच कळल्यासारख्या. तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न. शेवटी त्यानं खरं सांगणं सोडलं. "भातकुलीले गेले, येतात," एवढंच म्हणायचा; भातकुली म्हणजे जवळचंच गाव. काकू मान हलवायच्या.

गेममध्येही तोच पेच होता. मुलीनं बाईला खरं सांगायचं की नाही? शबाना म्हणे सांगायचं. प्रफुल्ल म्हणे, "तुले रोज रडवा लागत नाही न, म्हनून बोलतं तू!" त्यावरून दोघांचं दोन दिवस बोलणं बंद.

अशात एका दुपारी शबाना आली नव्हती आणि काकू ऑफिसात होत्या. स्क्रीनवरची बाई खोल्याखोल्यांतून नवऱ्याला शोधत होती आणि काकू टक लावून पाहत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तुहे बाबा कोठी गेले रे?"

"भातकुलीले गेले, आई. येतात." प्रफुल्ल उठला आणि चहा आणायला खाली गेला.

त्याची पावलं जिन्यावर उतरेपर्यंत काकू थांबल्या. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"पोरी, याचे बाबा वारले," त्या हळूच म्हणाल्या. "त्याले अजून समजलंच नाही वाटते. रोज म्हनते, भातकुलीले गेले, येतात. मी विचारून पाह्यतो, आज तरी समजलं का म्हनून. तू नको सांगू हां त्याले. लय जीव होता त्याचा बाबावर."

नाही सांगत, म्हणून मी मान हलवली.

प्रफुल्ल वर आला, हातात तीन कप. काकूंनी कपांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अजून एक आन न रे," त्या म्हणाल्या. "बाबा येतीनच आता."