हळद अंगी लागावी म्हणून

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही — बायकोच्याही नाही. तुमच्याशी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

आई गेल्यावर शोभावहिनीनं मला लातूरहून पिंपरीला आणलं. दादा कंपनीत शिफ्टला. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत वहिनी दिवसभर पायानं शिलाई मशीन मारायची. माझं फार्मसीचं शिक्षण त्यावर झालं, आणि तिचे गुडघेही त्यातच गेले.

आता मी चाकणच्या एका छोट्या कारखान्यात हळदीच्या कॅप्सूल बनवतो. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन सूज कमी करू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. पण पोटात गेलं की ते पाण्यात विरघळत नाही. जे थोडं आत शिरतं, त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. रक्तात पोचतं ते नावापुरतं. आम्ही ते तेलकट पदार्थात घोळवलं, सोबत मिऱ्याचा अर्क घातला. मिरी यकृताचं हे काम मंद करते. चाचणीत कर्क्युमिन रक्तात जास्त पोचलेलं दिसलं — त्या दिवशी मी हवेत होतो!

त्यातल्याच काही कॅप्सूल वहिनीच्या गुडघ्यांसाठी घरी आणल्या. "वहिनी, हळदच आहे, थोडी मिरी घातलेली," म्हणालो. हळदीला कोण घाबरतं?

पण वहिनीच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. आणि यकृत मंदावलं की ते फक्त हळदीपुरतं मंदावत नाही, बाकीची औषधंही रक्तात साठू शकतात. हे मला माहीत नव्हतं? होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पण ती जिना चढायला लागली होती, आणि मला ते बघायचं होतं. की माझं औषध चाललं, हे बघायचं होतं?

एका सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. थांबेचना. मग हिरड्यांतूनही. दादानं आणि मी रिक्षात घालून तिला चिंचवडच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "या गोळीशिवाय आणखी काही घेतात का? घरगुती, आयुर्वेदिक, काहीही?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. घरातला औषधं कळणारा मीच ना. मी — मी मान हलवली. नाही म्हणून.

हेच ते. वहिनी समोर रक्तानं भिजलेला कापूस धरून पडली होती, आणि मला माझी नोकरी दिसत होती. दादाचा चेहरा दिसत होता.

मग खाटेवरून वहिनीच बोलली. "हळदीच्या कॅप्सूल खात होते, डॉक्टर. मिरी घातलेल्या. मीच आणल्या दुकानातून."

"कुणाला इचारून आणल्यास?" दादा तिथंच, सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मी तिच्या हातातला कापूस बदलला.

नेमकं काय घडलं असावं ते डॉक्टरांना कळलं, उपचार झाले, रक्त थांबलं. घरी आल्यावर मी तिच्याजवळ बसलो, तोंड उघडणार तोच म्हणाली, "विजू, आता इचारल्याबिगर कुणाला देऊ नकोस बाबा. बास." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

मी कारखान्यात भांडून डबीवर ठळक सूचना छापून घेतली — रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी ती थोपटूनही घेतली.

वहिनी आज आहे. सकाळी मंडईत जाते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, फोनवर मला "जेवलास का" विचारते. त्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, वहिनीनं उत्तर दिलं — त्या दोघांचे उपकार मी रोज मानतो. मनातल्या मनात.

दादा अजूनही पाहुण्यांना सांगतो, "हिला दुकानातलं काय बी द्या, खाती!" सगळे हसतात. वहिनीही हसते.

मीही हसतो. परवाच्या रविवारीही हसलो.