आवारातली विहीर आणि माझे हात

सई, ओम,

परवा तुम्ही आजीला इथल्या, सोलापूरच्या विद्यापीठाच्या वेबसाइटची लिंक पाठवलीत. ग्रंथालय, वसतिगृह, लॉन... सगळे फोटो पाहिले. जुन्या इमारतीमागची विहीर मात्र एकाही फोटोत नाही. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

आधीच सांगते — असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. मांजर आडवं गेलं की माझे वडील मुद्दाम त्याच वाटेने जायचे, आणि मी त्यांच्या मागून. तरी हे घडलं.

सत्तरचं दशक, मोठ्या दुष्काळानंतरची वर्षं. सोलापूरला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाचं एक पदव्युत्तर केंद्र भवानी पेठेत, भाड्याच्या माडीवर चालायचं. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मी एम.ए.ला इंग्रजी शिकवायची. केंद्राला गावाबाहेर माळरान मिळालं होतं. नुसता मुरूम आणि कुसळं. दोन बोअर मारले, वर आला तो भुकटा. विद्यापीठाच्या समितीने स्पष्टच कळवलं — पाणी नसेल तर इमारत नाही, आणि केंद्र मुख्य आवारात हलवू.

म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलींचं शिक्षण तिथेच संपणार होतं. केम गावची मंगल म्हणाली, “मॅडम, आई हितं सोलापूरलाच कशीबशी धाडतीया. तितं लांब न्हाय धाडायची.”

समिती जागा पाहायला आली त्या सकाळी कुणीतरी मंगळवेढ्याच्या एका पाणाड्याला बोलावलं होतं. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरून जमिनीखालचं पाणी सांगणारा म्हातारा. सगळे त्याला तात्या म्हणत.

“विद्यापीठाची विहीर, आणि पाणाड्या?” मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

बोअरच्या जागा सुचवणारे भूगोलाचे देशमुख सर हसले. “मॅडम, भूगोलाने दोनदा धूळ काढली. आता तुमच्या इंग्रजीने पाणी काढा!”

तात्या अख्खा माळ फिरले. फांदी हलली नाही. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, “आज माज्या हातात कायबी येत न्हाय.” मग माझ्याकडे वळून, “बाई, तुमी लई हसताय की. धरा बगू जरा.”

मी धरली. हे थोतांड कसं चालतं ते दाखवायला. समितीच्या अध्यक्षांकडे पाहून इंग्रजीत एक विनोदही केला. ते हसत असतानाच, एका बाभळीजवळ, फांदीचं टोक खाली गेलं.

मी ते वर ओढलं. ते पुन्हा खाली गेलं — कुणीतरी खालून धरून खेचावं तसं. माझ्या मुठीत साल सोलून निघाली. पदर खांद्यावरून घसरला, एक चप्पल मागे राहिली, आणि मी ओरडले. इंग्रजीत नव्हे... “अगं आई गं!”

“मॅडम, नाटक पुरे,” देशमुख सर म्हणाले.

“मी नाही करत हो!”

अध्यक्ष सभ्य गृहस्थ. त्यांनी तोंड फिरवून दूर कुठेतरी पाहिलं. एका विद्यार्थ्याने मला हात जोडले. तेच मला सर्वांत जास्त झोंबलं. तात्यांनी तिथे दगड ठेवला. “सोडा बाई. झालं.”

त्या दगडाखाली विहीर खणली, पाणी लागलं. कोरड्या बोअरपासून हाकेच्या अंतरावर. केंद्र राहिलं, आणि पुढे त्याचंच हे विद्यापीठ झालं. कुणीतरी फळ्यावर ‘पाणाडी मॅडम’ लिहिलं. मी ते पुसलं आणि तास घेतला, पण मान वर करवेना. देशमुख सर म्हणत, हा नकळत होणारा स्नायूंचा खेळ. असेल. पण माझ्या स्नायूंना पाणी कुठे आहे हे कुणी सांगितलं?

मग एक दिवस मंगलची आई घरी आली. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच टेकली.

“बाई, एकडाव आमच्या रानात या की.”

“मावशी, मला खरंच काही येत नाही हो.”

“इद्यापीठाला आलं की. आमालाच न्हाय व्हय?”

रविवारच्या गाडीने मी केमला गेले. फांदी तात्यांकडून मागून आणलेली, तीच. रानभर उभी-आडवी फिरले. मागून मंगलची आई अनवाणी, माझ्या हातांकडे पाहत. आदल्या सगळ्या वर्षांत मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या रानात मागितलं. फांदी नुसतं लाकूडच राहिली. क्षणभर वाटलं, आपणच जरा वाकवावी... पण मग ती तिथे खणत बसली असती.

तेच हात आणि तीच फांदी. शिकल्या-सवरल्यांच्या माळावर वळली, तिच्या रानात नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. पुन्हा कधी मी बेचकी धरली नाही.

“असू द्या की बाई,” ती म्हणाली. “उनात लई फिरलासा. च्या घ्या.”

आधी तिने माझ्या घामाने-धुळीने माखलेल्या हातांवर पाणी घातलं. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं. मी “पुरे, पुरे” म्हणत राहिले, आणि ती तांब्या रिता होईपर्यंत ओतत राहिली.