वासराला चीक, मीनाला बाटली

“सेप्टिसेमिया आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तात जंतू पसरलेत. माझी मुलगी मीना तेव्हा सहा दिवसांची होती. मी मान हलवली. ते पुढे काय बोलले ते आठवत नाही. टेबलावरचा शाईचे डाग पडलेला टिपकागद आठवतो.

सत्तरीचं दशक होतं. पुनावळ्याहून मी सायकलनं चिंचवडला कंपनीत जायचो. मीना आदल्या दिवसापासून दूध ओढत नव्हती. ताप नव्हता, उलट अंग गार. इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नसतं. तुमचं बाळ दूध ओढेनासं झालं तर थर्मामीटरची वाट पाहू नका.

ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. निकालाला तीन दिवस लागणार होते. इंजेक्शनं लगेच सुरू झाली. मी बाकावर बसून राहायचो. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती.

डॉक्टरांनी वासराचं उदाहरण दिलं. रक्तात शिरलेले जंतू यकृत आणि प्लीहा गाळून मारतात. पण ते पकडायला अँटिबॉडी लागतात, म्हणजे जंतूंना चिकटणारी द्रव्यं. वासरू त्यांच्यावाचून जन्मतं, त्याला त्या चिकातून मिळतात. माणसाच्या बाळाला काही पोटातच मिळतात, तरी त्याची ताकद कच्ची असते. आईचं पहिलं पिवळं दूध म्हणून हवं.

“ते पाजलं नाहीत? कोणी अडवलं?”

माझी आई शेजारीच उभी होती. मी म्हणालो, “आमची आई जुन्या वळणाची आहे.”

डॉक्टर तिला बरंच बोलले. तिनं पदर सारखा केला.

खरं असं आहे. त्याच आठवड्यात आमची गाय व्यायली होती. वासरू उभं राहताच मीच त्याला आचळाला लावलं, खरवसाचा चीक मागाहून काढला. बायकोला मात्र पिवळं दूध पिळून टाकायला लावलं. कंपनीतल्या साहेबांच्या घरी दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली पाहिली होती, तीच मी आणली. आई म्हणाली, “वासराला पाजतूस, मंग लेकराला का न्हाई? तू कंपनीत लागलास म्हून लेकरू बाटलीतनं आलं व्हय?” मी तिला अडाणी म्हणालो.

त्यामुळेच आजार झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बाटली किती उकळायची हेही मी विचारलं नव्हतं.

इंजेक्शनांच्या पाचव्या दिवशी मीना चमच्यानं आईचं दूध प्यायली. पाजणाऱ्या नर्सबाईंचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार आहेत.

पुढे घरात कुणाचंही बाळ माझ्या आईनं मांडीवर घेतलं की कोणीतरी मीनाच्या आजारावरून तिला टोकायचंच. बायकोला खरं माहीत होतं, तीही माझ्यासाठी गप्प राहिली. आई तशीच गेली.

गेल्या महिन्यात मीनाला हे सांगितलं. तिनं विचारलं, “आजी तुम्हाला काहीच बोलली नाही?”

बोलली होती. मीनाला घरी आणताना मी आईची माफी मागायला लागलो, तर म्हणाली, “डाक्टर तुला बोलला असता, तर तू पोरगी उचलून घरी आला असतास.”

आलो असतो.