धुऱ्यावरची अंबाडी

“मामानंच कागदावर ‘नाही’ लिहून देल्लं होतं. जिंदगीभर कस्टममध्ये साहेबकी केली, अन् सख्ख्या बहिणीले एक फॉर्म धड सांगता आला नाही. ड्युटी चुकली, म्हणून मायले विमानतळावरूनच वापस धाडलं.”

धनजला एका साखरपुड्यात, भरल्या पंगतीत, माझा भाचा विनोद हे बोलला. मी चार पाने सोडून बसलो होतो. त्याला ते ठाऊक होते. ही हकीकत आता मी राहतो त्या रिसोडला पोचली आहे. बँकेच्या रांगेतसुद्धा लोक मला सहानुभूतीने विचारतात. मला सहानुभूती नको आहे, म्हणून हे लिहितो.

विनोदच्या तीन वाक्यांपैकी पहिले खरे आहे, दुसरे उद्धट आहे आणि तिसरे साफ चूक आहे. चुकीपासून सुरुवात करतो.

ड्युटी म्हणजे आयात-कर. परदेशात उतरणाऱ्या प्रवाशाला दारू, सिगारेट आणि भेटवस्तू ठरावीक मर्यादेपर्यंत कर न भरता नेता येतात. त्या मर्यादेला ड्युटी-फ्री अलाउन्स म्हणतात. मर्यादेपेक्षा जास्त नेले तर जाहीर करायचे, कर भरायचा आणि पुढे जायचे. माझी धाकटी बहीण, विनोदची आई शांता, इंझोरीहून ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा तिच्या बॅगेत दारू नव्हती, सिगारेट नव्हती, सोने तर अंगावरही नव्हते. ड्युटीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रश्न होता दुसऱ्या टेबलाचा. त्याला क्वारंटाइन म्हणतात. तिथे किंमत पाहत नाहीत, सजीव पाहतात. कीड, रोग, परकी रोपे देशात शिरू नयेत, एवढीच त्यांची काळजी असते. त्यांना लाख रुपयांच्या घड्याळापेक्षा मूठभर बियांची धास्ती अधिक.

शांताची मुलगी प्रणिता तिकडे नोकरी करते. पहिलेच बाळंतपण होते. सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याला रजा नाही. आईने येऊन तीन महिने राहावे, असे ठरले. शांता वाशीमच्या पलीकडे एकटी कधी गेली नव्हती.

जाण्याआधीच्या रविवारी मी इंझोरीला गेलो. बॅग ओसरीवर पालथी करायला लावली. विनोद म्हणाला, “मामा, रिटायर झाले तरी खोड गेली नाही तुमची.” मी म्हणालो, “तू गप बस, अन् वजनकाटा आण.”

डिंकाचे लाडू, ज्वारीचे पीठ, हळद, मसाला, लुगडी, बाळाची दुपटी. प्रत्येक वस्तू मी हातात घेऊन पाहिली. खाण्याचे सगळे एका पारदर्शक पिशवीत घालून वर ठेवले, कारण अधिकाऱ्याला शोधायला लागले की त्याचा संशय वाढतो. विमानात एक कार्ड देतात. त्यावरचे प्रश्न मी मराठीत लिहून काढले आणि पुढे उत्तरे लिहिली. खाण्याच्या वस्तू: हो.

“लाडू फेकून देतीन का दादा?”

“फेकले तर फेकले. ‘हो’ लिहिलं तर फार तर लाडू जातीन. ‘नाही’ लिहिलं अन् सापडलं, तर तू जाशील.”

मग पुढचा प्रश्न आला. मी विचारले, “शांते, बियाणं हाये काय काही?”

“बियाणं कायले नेऊ? तिथं काय माह्यं वावर हाये?”

मी लिहिले: बियाणे, नाही. विनोद जो कागद खिशात घेऊन हिंडतो, तो हाच. अक्षर माझे आहे. मी नाकारत नाही. पण कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ आहे, ती तो अंगठ्याखाली धरतो: “यानंतर बॅगेत चिमूटभरही काही टाकले, तर उत्तर ‘हो’.” ती ओळ मी तिला दोनदा मोठ्याने वाचायला लावली होती.

मंगळवारी प्रणिताचा फोन आला. तिला अंबाडीच्या भाजीची वासना झाली होती. भाजी तर नेता येत नाही. शांताने घरातले अंबाडीचे बी, मूठभर, रुमालात बांधले आणि दुपट्यांच्या घडीत ठेवले. लेकीच्या अंगणात एका टबात टाकू, पंधरा-वीस दिवसांत पाला येईल, असा तिचा हिशेब. मला फोन केला नाही.

तिथल्या विमानतळावर लाडू पास झाले. अधिकाऱ्याने फोनवर दुभाष्या घेतला आणि पुन्हा विचारले, बियाणे आहे का? शांता म्हणाली, नाही. तिसऱ्यांदा विचारले. नाही. मग दुपटे उलगडले.

व्हिसा रद्द झाला. तीन वर्षे प्रवेशबंदी. पुढच्या विमानाने परत. प्रणिता बाहेर, काचेच्या दारापलीकडे, नवव्या महिन्यात पाच तास उभी होती. दोघींची नजरभेटही झाली नाही. आठ दिवसांनी मुलगी झाली. आजीने ती अजून मोबाइलवरच पाहिली आहे.

शांता परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इंझोरीला गेलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मान वर केली नाही.

“काहून नाही सांगितलं शांते? तीन डाव विचारलं त्यांनी.”

“त्यांनी बियाणं विचारलं.”

“मग?”

“बियाणं म्हंजे थैलीतलं न दादा, दुकानातलं, टॅग लावलेलं. हे त धुऱ्यावरचं. अंबाडीले कोणी बियाणं म्हन्ते काय?”

धुरा म्हणजे शेताचा बांध. अंबाडी तिथे आपोआप उगवते. आमच्याकडे कृषी केंद्रातून विकत आणतात ते बियाणे. घरात गाडग्यात पडलेले असते ते नुसते बी. मी याच मातीत वाढलो. हा फरक मला माहीत असायला हवा होता. दुभाष्याला क्षमा आहे. तो पुस्तकातली मराठी बोलला. मीही इंझोरीच्या ओसरीवर बसून पुस्तकातलाच शब्द वापरला. माझी चूक एवढीच आहे, आणि ती विनोदने कधीच काढलेली नाही, कारण त्याला ती कळलेलीच नाही.

शांताने माझ्यापुढे एक लिफाफा सरकवला. त्यात निर्णयाचे कागद होते, इंग्रजीत, सहा पाने. विनोदने पहिले पान वाचले होते. त्यावर लिहिले आहे की, बॅग प्रवाशाच्या थोरल्या भावाने, निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने तपासली होती. तेवढ्यावर त्याने खटला निकाली काढला.

मी सहाही पाने वाचली. चौथ्यावर एक वाक्य होते: ‘अज्ञानाची सबब ग्राह्य धरता येत नाही.’ ते मी लगेच ओळखले. नोकरीत मी ते किती जणांच्या अहवालात लिहिले, याची गणती नाही. लिहिताना हात कधी अडखळला नव्हता.

पाचव्या पानावर तिचा जबाब आहे. अधिकाऱ्याने विचारले होते, “कार्ड असे भरण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल, तर आता सांगा. व्हिसाचा निर्णय घेताना त्याचा विचार करता येईल.” हा प्रश्न म्हणजे प्रवाशाला दिलेली शेवटची संधी असते. मी ती अनेकांना दिली आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाने तत्क्षणी कुणाचे तरी नाव घेतले आहे. शांताच्या पर्समध्ये माझ्या अक्षरातला ‘नाही’ होता. तो टेबलावर ठेवला असता, तर कदाचित ती त्याच दिवशी काचेचे दार ओलांडून लेकीकडे गेली असती.

तिने पर्स उघडली नाही. पानावर तिचे उत्तर नोंदलेले आहे आणि खाली तिची मराठी सही आहे: “कोणीच नाही. माझ्या भावाने ‘हो’ लिहायला सांगितले होते.”