ग्रिझेलच्या फुलांतली जाळी

एअरशर परगण्यातल्या त्या खेड्यात ग्रिझेल मकीचं काम ओळखायला नाव विचारावं लागत नसे. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याचं फूल. त्याच्या पोटात कात्रीने भोक पाडायचं आणि ते सुईने कोळ्याच्या जाळ्यासारखं विणून भरायचं. मोठ्या घरच्या बाळांचे बाप्तिस्म्याचे झगे तिने तीस वर्षं असे भरले. धाकटी बहीण मॅरियन शेजारी बसून देठ-पानं काढी. दोघीही बिनलग्नाच्या.

पन्नाशीच्या आधीच ग्रिझेलची नजर मंदावली. इतर बायकांसारखी तीही शिणल्या डोळ्यांना बोटाने व्हिस्की लावी. चुरचुरायचं, घटकाभर दिसायचं, की पुन्हा धुकं.

"तुझ्या ताईची सुई अजून सरळ चालते का गं?" शेजारच्या जीनने एकदा खोचकपणे विचारलं.

"तुझ्या जिभेपेक्षा सरळ," मॅरियन म्हणाली.

पुढे एकदा ग्रिझेलच्या बोटाला जाळीमागे बारीकशी गाठ लागली. ती स्वतः कधी गाठ मारत नसे. दोरा टाक्यांखाली दडवी. गाठ मॅरियनची होती. ग्रिझेल विहिरीवर गेली की धाकटी तिचे चुकलेले टाके उसवून नव्याने घालत होती.  त्या दिवसापासून ग्रिझेल विहिरीवर जास्त वेळ थांबू लागली.

अशी दोन वर्षं गेली. मग थंडीत मॅरियनच्या छातीत कफ धरला, तो सुटेना.

"जाळी तूच भरतेस, मला माहीत होतं," ग्रिझेल तिच्या उशाशी बसून म्हणाली.

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं, ताई. दोन बादल्या पाण्याला तासभर कुणाला लागतो?" मॅरियनला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. शुक्रवारी ती गेली.

पंधरवड्याने घरोघर मलमल देऊन भरलेलं काम नेणारे टॅनकसाहेब आले. ग्रिझेलने अर्धवट झगा त्यांच्यापुढे ठेवला.

"तीनच फुलं राहिलीत. सावकाश होऊ द्या, बाई."

"नाही व्हायची. दोन वर्षं तुम्ही ज्या जाळीचं कौतुक करत होतात, ती मॅरियनची होती."

त्यांनी झगा उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. "तिला कुणी कधी सांगितलं होतं, की तिचा हात इतका चांगला आहे?"

"नाही," ग्रिझेल म्हणाली. "मीसुद्धा नाही."

त्यानंतर ती खाणकामगारांसाठी लोकरीचे मोजे विणू लागली. त्याला डोळे लागत नाहीत.